बिराजदार सर आणि चाळीस ढाली

रामलिंग बिराजदार यांच्याबद्दल चांगलं लिहावं असं मला आजही वाटत नाही. तरी लिहायला बसले आहे. अहमदपूरच्या पुढच्या त्या माळावर जे झालं, तेव्हा आमच्या शाळेची मोठी माणसं तिथं दोनच होती, ते आणि मी. ते त्याबद्दल कुणाशी बोलत नाहीत असं ऐकते. मग राहिले मी.

कंधारच्या एका शाळेत आम्ही चौदा वर्षं बरोबर होतो. मी ज्योत्स्ना गजभारे. इतिहास शिकवते, नांदेडहून रोज एसटीनं ये-जा करते. ते शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. मूळचे मुखेडकडचे, कंधारात बसस्टँडच्या मागं एका खोलीत राहायचे. बायको आणि दोन मुली मुखेडलाच. शनिवारी दुपारी गावी जायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत यायचे, आणि सोमवारचा पहिला तास ज्या वर्गाला असेल त्या वर्गाचं काही खरं नसायचं.

अंगानं बुटके, मान रुंद, दोन्ही कान कुस्तीत मोडून गोळा झालेले. पांढरे बूट रोज घासलेले. हसताना मी त्यांना पाहिलं नाही असं नाही, पण कुणाच्या तरी फजितीवरच. पोरं पाठीमागं त्यांना ‘हंटर’ म्हणायची.

शाळेतली जुनी माणसं एक गोष्ट सांगायची. बिराजदार सर लागले तेव्हा शाळेला मैदान नव्हतं, नुसता दगडांचा माळ होता. दोन वर्षं ते शाळा सुटल्यावर रोज दगड वेचत राहिले. एकटेच. पोरांना हात लावू दिला नाही, कुणाचं बोट चेंगरलं तर नसती भानगड म्हणून. त्या मैदानावर मुलींचा खो-खोचा संघ तयार झाला आणि विभागापर्यंत जाऊन आला. पुढं संस्थेनं त्याच मैदानाच्या अर्ध्यात सभागृह बांधलं. भूमिपूजनाला सर आले नाहीत. त्या दिवसापासून संस्था, मुख्याध्यापक, आम्ही सगळे शिक्षक त्यांच्या लेखी एका बाजूला आणि ते दुसऱ्या. मी नोकरीला आले तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. मला आयतं वैर मिळालं.

माझं स्वतःचं भांडण मात्र मी स्वतः सुरू केलं. दहावीचा अभ्यासक्रम मागं पडला म्हणून मी मुख्याध्यापक व्यंकटराव सरांकडं जाऊन खेळाचे दोन तास मागितले. त्यांनी दिले. पहिल्याच तासाला बिराजदार सर वर्गाच्या दारात.

“मॅडम, हा तास माझा हाय.”

“व्यंकटराव सरांनी दिलाय मला.”

“त्यांच्या घरचा हाय का?”

साठ पोरांसमोर. मी पुस्तकाचं पान उलटलं आणि शिकवायला लागले. ते दारात तसेच उभे. तास संपेपर्यंत हलले नाहीत. त्या सव्वीस जानेवारीला माझ्या वर्गाचं लेझीम ऐनवेळी कार्यक्रमातून गळालं. मी समजायचं ते समजले.

पुढच्या वर्षी आठवीतली एक मुलगी तळहात लपवत वर्गात बसली होती. मी हात उघडून पाहिला. छडीचे तीन वळ. फोटो काढला आणि त्याच दिवशी लेखी तक्रार दिली. सरांना नोटीस मिळाली. ती घेऊन ते शिक्षक-खोलीत आले, माझ्या टेबलाजवळ थांबले आणि एवढंच म्हणाले, “लिहिता चांगलं तुमी.” मग आपली खुर्ची उचलली आणि माझ्याकडं पाठ होईल अशी फिरवून ठेवली. ती तशीच राहिली. झाडणाऱ्या बाईनं सरळ केली तर ते पुन्हा फिरवायचे.

छडी बंद झाली, पण माणूस तोच. आता ते पोरांना उन्हात उभं करायला लागले. सटवाजी नावाचा एक मुलगा होता, कपाळावर केस सोडायचा. त्याला प्रार्थनेच्या वेळी पुढं बोलावून सगळ्या शाळेसमोर कात्रीनं मधोमध एक चट्टा पाडला. पोरगं आठ दिवस टोपी घालून आलं. फुलवळची दीपमाला एकदा चप्पल घालून आली. बूट ओला होता. तिला फाटकातूनच परत पाठवलं. ती पायी गेली, बूट घालून पायी आली आणि माझ्या शेवटच्या तासाला वर्गात शिरली. मी विचारलं तर म्हणाली, “कायी न्हाई मॅडम.” पण ती ज्या नजरेनं खिडकीतून मैदानाकडं बघत होती, ती मला आवडली होती. हे कबूल करायला हवं. आवडली होती.

सहल माझीच कल्पना. दर वर्षी तेच किल्ले, तीच देवळं. त्या वर्षी कुणीतरी मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. लातूर रस्त्यावर अहमदपूरच्या पुढं एक नवीन पर्यटन केंद्र निघालं होतं, शाळांच्या सहलींसाठी. बैलगाडी, हुरडा, झिपलाईन, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘प्राचीन रोमन सैनिकांचं युद्धप्रशिक्षण, प्रत्यक्ष अनुभव’. दहावीला खेळांच्या इतिहासावर धडा आहे, नववीच्या पोरांना आधीच काहीतरी दाखवता येईल, असं मी प्रस्तावात लिहिलं. व्यंकटराव सरांनी सही केली आणि म्हणाले, “बिराजदारांना घेऊन जा. मुलं सांभाळायला लागतात.”

मी नको म्हटलं. ते म्हणाले, “मग सहल नको.”

डिसेंबरातली सकाळ होती. एसटीत बेचाळीस पोरं, पुढच्या बाकावर डावीकडं ते, उजवीकडं मी. लोहा आलं, माळेगाव मागं गेलं, आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पोरं गाणी म्हणत होती. सर एकदाच उठून मागं वळले, आणि अख्खी गाडी गप्प झाली. ते बसले. बराच वेळ कुणी गायलं नाही. मी मुद्दाम मागं वळून म्हटलं, “म्हणा रे, थांबलात कशाला?” पोरांनी माझ्याकडं पाहिलं, सरांच्या मानेकडं पाहिलं. मग दीपमालानं सुरुवात केली, जरा जास्तच मोठ्यानं.

केंद्रावर आमच्या स्वागताला रविकिरण नावाचा प्रशिक्षक होता. नांदेडचा तरुण, जिममध्ये शिकवायचा. अंगावर फायबरचं चिलखत, डोक्यावर लाल झुपक्याचं शिरस्त्राण, खाली ट्रॅकपँट. पोरं बघून हसायला लागली. पण बोलायला लागला तेव्हा त्याला विषय येत होता हे मला कळलं. रोमन सैन्यात नवा भरती झालेला माणूस आधी माणसाशी लढत नसे, म्हणाला, जमिनीत रोवलेल्या खांबाशी लढे. त्याला दिलेली लाकडी तलवार खऱ्या तलवारीच्या दुप्पट वजनाची असे, म्हणजे पुढं खरी हातात आली की ती हलकी वाटावी. आणि वार आडवा मारायचा नाही. समोर खुपसायचा. हात उगारला की बगल उघडी पडते.

माळावर एकवीस खांब रोवलेले होते. पोरांनी दोघा-दोघांनी एकेक खांब धरला. लाकडी तलवारी खरोखरच जड होत्या, मी उचलून पाहिली. पाच मिनिटांत निम्म्या पोरांचे हात लोंबायला लागले.

आणि इथं बिराजदार सरांनी मला चकित केलं. सकाळपासून चेहरा घट्ट करून बसलेला हा माणूस रविकिरणचं बोलणं मान तिरकी करून ऐकत होता. एका मुलाच्या मागं जाऊन त्यानं पाय कसे ठेवले ते पाहिलं, बुटाच्या टोकानं त्याची टाच सरकवली. मग स्वतः एक तलवार उचलली. खांबासमोर उभे राहिले, गुडघे वाकवले आणि मारायला सुरुवात केली. खुपसून मागं, खुपसून मागं. सत्तावन्न वर्षांचा माणूस. घामानं शर्ट पाठीला चिकटला. चेहरा मोकळा झाला होता. दगड वेचणारा माणूस असा दिसत असेल, असं क्षणभर माझ्या मनात आलं.

तेवढ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. सटवाजी. त्याच्या मागं पाच-सहा जण. सरांनी तलवार खाली ठेवली, सटवाजीकडं गेले आणि त्याला दोन्ही हातांत दोन तलवारी समोर धरून उभं केलं.

“हास आता.”

सटवाजीचे दंड थरथरायला लागले. रविकिरण पुढं झाला, “सर, राहू द्या ना, मजेसाठी आलेत.”

“तुम्ही तुमचं बघा,” सर म्हणाले.

मी जाऊन सटवाजीच्या हातातल्या तलवारी काढून घेतल्या. सरांच्या समोर. पोरांनी ते पाहिलं, सरांनी पाहिलं.

दुपारी पिठलं-भाकरी झाली. जेवताना पोरं घोळक्यानं बसली आणि खालच्या आवाजात बोलत राहिली. मी जवळ गेले की गप्प. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं तर कळलं होतं. मी ताक प्यायला निघून गेले.

जेवणानंतरचा कार्यक्रम म्हणजे लढाई. रविकिरणनं प्लायवूडच्या मोठ्या चौकोनी ढाली काढल्या, कडेला पत्र्याची पट्टी मारलेल्या. ढाली चाळीस. दोन मुलींनी झेंडे धरले. बाकी सगळ्यांना त्यानं कासवाची रचना शिकवली. पहिली रांग ढाली समोर धरते, मागच्या रांगा डोक्यावर, बाजूचे बाजूला. आत शिरलेल्या माणसाला चारी बाजूंनी लाकूडच लाकूड. हातातल्या तलवारी आता स्पंजच्या होत्या. तासभर सराव चालला. पोरं इतकी मन लावून शिकली की रविकिरण खूश झाला. “अशी शाळा आली नव्हती मॅडम,” तो मला म्हणाला.

शेवटी नेहमी तो स्वतः रानटी योद्धा व्हायचा आणि पोरं त्याच्यावर चालून जायची. तो माईकवर म्हणाला, “आज योद्धा तुमच्याच शाळेचा पाहिजे! कोण?”

चाळीस ढालींच्या मागून एकच आवाज आला. “बिराजदार सर!”

सर बाकावर बसले होते. हात हलवून नाही म्हणाले. पोरं ओरडत राहिली. स्पंजच्या तलवारी ढालींवर आपटायला लागली, एका ठेक्यात. सर मान हलवत होते. रविकिरण माझ्याकडं आला. “मॅडम, तुम्ही सांगा ना त्यांना.”

त्यानं माईक माझ्या हातात दिला. मी बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“जा की सर. का पोरांना भ्यालात?”

माळावर ते दोनदा घुमलं. पोरं जोरात हसली. मीही हसले.

सर उठले. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं. रविकिरणनं दिलेलं शिरस्त्राण घेतलं नाही. स्पंजची तलवार घेतली, मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

“पुढं!” रविकिरण ओरडला.

कासव चालायला लागलं. आधी हसत, एकमेकांच्या टाचांवर पाय देत. सर तलवारीनं पहिल्या रांगेच्या ढालींवर टकटक करत होते, आणि सवय जाईना म्हणून शिकवतही होते. “ढाल वर घे. तुझ्या शेजारी भोक पडलंय. सटव्या, गुडघा वाकव, म्हशीवानी उभा राहू नको.”

यावर कुणी हसलं नाही.

रांगेची दोन टोकं पुढं आली. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ढालींचं रिंगण झालं आणि सर आत अडकले. बाहेरून मला त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. एका ढालीची पत्र्याची कड त्यांच्या नडगीवर बसली. ते वाकले. दुसरी ढाल पाठीत. स्पंजच्या तलवारी खाली पडलेल्या मला दिसल्या. कुणालाच त्या नको होत्या. सगळे ढालींनीच ढकलत होते, हेपलत होते.

आणि आवाज नव्हता. इतकी पोरं, पण एक जण ओरडत नव्हता. फक्त लाकूड अंगावर बसल्याचा आवाज आणि पायांखालची खडी. रविकिरणनं शिट्टी मारली. पुन्हा मारली. कुणी थांबलं नाही. “मॅडम!” तो माझ्याकडं बघून ओरडला. “मॅडम, थांबवा त्यांना!”

मी थांबवू शकले असते. ती पोरं माझं ऐकायची. माईक हातात होता. मी उभी राहिले. सटवाजीचं टोपी घातलेलं डोकं माझ्या डोळ्यांसमोर आलं, दीपमालाचे धुळीनं भरलेले बूट आले. आणि नुसती पोरांचीच आठवण आली असंही नाही. ती फिरवलेली खुर्ची आठवली. मी पाहत राहिले.

आत सरांनी सटवाजीची ढाल धरली. पुढचं इतक्या झटक्यात झालं की कळायला वेळ लागला. म्हातारा झाला तरी पैलवान. त्यांनी ढालीसकट पोराला कमरेवर घेतलं आणि जमिनीवर आपटलं. सटवाजीचा श्वास अडकला. तोंड उघडून तो नुसता पडला होता. सर त्याच्यावर वाकलेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दुरूनही ओळखलं. भीती. पोराला काही झालं का, ही भीती. त्यांनी हात खाली सोडले, त्याच्या छातीवर पंजा ठेवला.

तेवढ्यात दीपमाला पुढं आली. तिच्या हातात सकाळच्या खांबांजवळची लाकडी तलवार होती. कधी आणली कुणास ठाऊक. तिनं ती उगारली. सरांनी वर पाहिलं, डोक्यावर हात घेतला. वार हातावर बसला. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

तिनं पुन्हा उगारली.

“सावधान!”

सर गुडघ्यावर होते, एक हात पोटाशी धरलेला, पण आवाज तोच, चार वर्षं रोज सकाळी प्रार्थनेला ऐकलेला. आणि चाळीस पोरं ताठ झाली. टाचा जुळल्या, हात बाजूला गेले, ढाली खाली पडल्या. दीपमालासुद्धा ताठ झाली. तिच्या हातातून तलवार सुटली आणि ती सरळ समोर बघत उभी राहिली, ओठ दाबून. माझेही पाय जुळले होते.

कुणी हललं नाही. सर सावकाश उठले. भुवईतून रक्त येत होतं. त्यांनी सटवाजीकडं पाहिलं. तो उठून बसला होता, खोकत होता.

“विश्राम,” सर म्हणाले. मग, “सावलीत जाऊन बसा. पाणी प्या. कुणाला लागलं असंल तर सांगा.”

पोरं गेली. दोन मुली रडत होत्या. सर माझ्याजवळून बाकाकडं गेले. ते न थांबता म्हणाले, “तुमी हसून राहिल्या होत्या मॅडम. मी आतून बघितलं.”

अहमदपूरच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. मनगटाचं हाड आणि दोन बोटं. सटवाजीला फक्त खरचटलं होतं. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, खेळताना. सरांनी माझ्याकडं मान वळवली नाही. परतीच्या गाडीत ते त्याच डाव्या बाकावर, मी उजव्या. माळेगाव, लोहा, कंधार.

दोन दिवसांनी सटवाजीचा चुलता चार माणसं घेऊन शाळेत आला. पोराला आपटलं म्हणून. मोठमोठ्यानं शिव्या देत फाटकातून आत शिरला. व्यंकटराव सर दार लावून घेऊन बसले. बिराजदार सर मैदानावर होते. प्लास्टरचा हात गळ्यात बांधलेला. ते चालत समोर आले.

“हाव. मी आपटलं. राग आला, आपटलं. चूक झाली.”

चुलत्यानं त्यांची कॉलर धरली. सर तसेच उभे. “पोरानं काय केलं ते घरी इचारा,” म्हणाले. “मी न्हाई सांगणार.” चुलत्यानं कॉलर सोडली, पण जाता जाता पायाशी थुंकला.

मग चौकशी बसली. संस्थेचे दोघे, व्यंकटराव सर. आमच्याकडून लेखी निवेदनं मागितली. माझ्या निवेदनात मी लिहिलं की खेळाच्या ओघात अपघात झाला, आणि सरांच्या आजवरच्या वागण्यामुळं विद्यार्थ्यांत असंतोष होता. केस कापणं, चपलेवरून परत पाठवणं, सगळं तारखांसकट लिहिलं. व्यंकटराव सरांनी ते समोर मोठ्यानं वाचलं. बिराजदार सर ऐकत बसले होते.

“हे खरं आहे का?” संस्थेच्या माणसानं विचारलं.

“खरं हाय. समदं खरं हाय.”

“तुमच्या निवेदनात एकाही विद्यार्थ्याचं नाव नाही. हात कुणी मोडला?”

“ते मी लिहिलं न्हाई.”

“मग तक्रार कुणाविरुद्ध?”

त्यांनी माझ्याकडं बोट केलं. डाव्या हाताचं. “पोरं चौदा वर्षांची हायेत. त्यांना माझा राग हाय, आणि त्यो मीच आणलाय. ह्या बाई चाळिशीच्या हायेत. ह्यांनी मला आत घातलं, आणि माईक हातात घेऊन बघत उभ्या राहिल्या. मी केलेल्याची नोटीस ह्यांनी मला दिली होती. मी घेतली. आता ह्यांची ह्यांनी घ्यावी.”

“हा माणूस खोटं बोलतो आहे,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. सरांनी मान वरही केली नाही. मी खोटं बोलले आहे हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि मला वाटतं त्यांना तेवढं पुरेसं होतं.

मला नोटीस मिळाली. सात दिवसांत खुलासा. पहिले पाच दिवस मी खुलासे लिहून फाडले. प्रत्येकात कारणं होती, आणि प्रत्येक कारण खरं होतं. सहाव्या दिवशी कारणं काढून टाकली. राहिलं ते असं: मी उभी होते. थांबवू शकत होते. थांबवलं नाही. व्यंकटराव सरांनी कागद परत माझ्याकडं सरकवला. “मॅडम, हे सेवापुस्तकात जाईल. अपघात लिहा, मिटवू.” मी कागद तिथंच ठेवून आले.

यानं काही बदललं असेल असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. खुर्ची फिरवलेलीच होती. सरांनी प्लास्टरच्या हातानं सोमवारी नववीचा तास घेतला. पोरांना रांगेत उभं केलं आणि नेहमीसारखीच खेकसाखेकस केली. दीपमाला तासानंतर त्यांच्यापाशी गेली. मी व्हरांड्यात होते, मला ऐकू आलं.

“सर, माफ करा.”

“माफी मागून राहिलीस का शिक्षेला भिऊन राहिलीस?”

“माफी.”

“बरं. जा. उद्या बूट घालून ये.”

ती वळली आणि व्हरांड्यात मी दिसले. माझ्यासमोर थांबली. पंधराव्या वर्षाला लागलेली पोरगी, माझ्या सगळ्यात आवडत्या विद्यार्थ्यांपैकी.

“मॅडम, सर बसले व्हते बाकावर. तुमी बोलल्या म्हणून आत आले.”

“हो.”

“मी तलवार आणायला गेले तवा तुमी मला बघितलं व्हतं.”

तिनं बरोबर सांगितलं होतं. खांबांकडं जाताना ती माझ्यापासून दहा पावलांवरून गेली होती. मी वर म्हटलं ना, कधी आणली कुणास ठाऊक, तेही खरं नव्हतं. ती उत्तरासाठी थांबली नाही. दहावीला तिला इतिहासात चांगले गुण मिळाले, पण पुन्हा माझ्याकडं शंका विचारायला आली नाही.

बिराजदार सर त्यानंतर सव्वा वर्ष शाळेत होते. हाताची दोन बोटं पुरती वळत नसत. शिट्टी डाव्या हातात आली. त्यांचे तास मी पुन्हा कधी मागितले नाहीत, आणि त्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले नाहीत. ते मानतील असं मला वाटलंही नव्हतं. जिन्यात समोरासमोर आलो तर दोघंही थांबायचो, आणि जो आधी वळेल तो हरला असं काहीतरी मनात चालायचं. बहुतेक वेळा मीच वळायचे.

मार्चअखेरीस ते निवृत्त झाले. निरोप समारंभ ठेवला होता, त्याच सभागृहात. ते सभागृहात आले नाहीत, मैदानावरच उभे राहिले आणि शाल-नारळ तिथंच घेतला, असं मला दुसऱ्या दिवशी कळलं. पोरं आपापली बाहेर येऊन रांगेत उभी राहिली, कुणी सांगितलं नसताना.

मी तिथं नव्हते. त्या दिवसासाठी नांदेडला पेपर तपासायची ड्युटी मी स्वतः मागून घेतली होती.